जिप्सीचे राखाडी पडलेले फ्लेअर: कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गाडी मारुती जिप्सी किंग, २००२ ची, सॉफ्ट टॉप. मुक्काम कोल्हापूर, वावर पन्हाळा, गगनबावडा, दाजीपूर या पट्ट्यात. इंजिन, गिअरबॉक्स, फोर-बाय-फोर सगळं ठणठणीत. बॉडीला मागच्या वर्षी रंग दिला आणि तेव्हापासून चाकांवरचे प्लास्टिकचे फ्लेअर डोळ्यांत खुपायला लागले. एके काळी काळे होते. आता राखाडी, त्यावर पांढुरके ओघळ, आणि बोट फिरवलं की पूड लागते.

हे फ्लेअर शोभेचे नाहीत. १९८५ साली आलेल्या पहिल्या जिप्सीची चाकं अंगाच्या आत होती. १९९३ साली ‘वाइड ट्रॅक’ जिप्सी आली, तिच्यात डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनी वाढवलं. गाडी वळणावर जास्त घट्ट बसायला लागली, पण चाकं पत्र्याच्या बाहेर आली. ती झाकायला मडगार्डला ही प्लास्टिकची कड आली. फ्लेअर काढून चिखलातून गेलात तर दारापासून काचेपर्यंत रंगपंचमी.

आज नुसतं निरखून पाहिलं. गाडी अंगणात नेहमी उत्तरेकडे तोंड करून उभी असते, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला. डावीकडचे दोन्ही फ्लेअर उजवीकडच्यांपेक्षा स्पष्ट जास्त पांढरे आहेत. वरची सपाट बाजू सर्वांत वाईट, खाली उतरणारी कड बरी, आणि आत वळलेली, ऊन न लागणारी पट्टी अजून कुळकुळीत काळी. म्हणजे रंग प्लास्टिकच्या पोटात शाबूत आहे, गेलं आहे ते वरचं कातडं.

मग पाइपने पाणी मारलं. फ्लेअर ओले होताच काळे! वाळले की पुन्हा राखाडी. हे सगळ्यांनीच गाडी धुताना पाहिलेलं असतं, पण निदान म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग आक्रसतो आणि त्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. भेगांत हवा असते. प्लास्टिक आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि काळं पांढरट दिसतं. भेगांत पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं. तेल शिरलं की आणखी कमी, कारण प्रकाश वाकवण्यात तेल प्लास्टिकच्या फार जवळचं आहे. बाजारातल्या निम्म्या बाटल्यांचं रहस्य एवढंच.

यातून एक सोपी चाचणी मिळते. ओल्या अवस्थेत जो भाग सारखा काळा दिसतो, तो वाचवता येतो. ओला असतानाही जिथे करडे डाग राहतात, तिथे वरून काळं रंगद्रव्य द्यावंच लागणार. माझ्या गाडीत असे डाग मागच्या डाव्या फ्लेअरच्या माथ्यावर आहेत, बाकी ठीक.

१६ नोव्हेंबर २०२४

फ्लेअर उतरवले. गाडीवर ठेवून काम करता येतं, बरेच जण मास्किंग टेप लावून तसंच करतात. पण हीट गन (अतिगरम हवेचा झोत सोडणारं हातातलं यंत्र) वापरायची असेल तर शेजारी नवा रंग आणि टायर नको. शिवाय मागे काय दडलंय ते पाहायचं होतं.

स्क्रू गंजून बसलेले. आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवलं होतं, तरी मागच्या चाकाकडचे काही हलेनात, डोकी ड्रिलने उडवावी लागली. प्लास्टिकच्या क्लिपा तर हात लावताच तुटल्या. त्या नव्याच घ्यायच्या असं धरून चालावं, जपून काढण्यात वेळ घालवू नये.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये हे चाललं होतं. ते थोडा वेळ बघत उभे राहिले.

“दादा, एवढं घासत बसण्यापरास फायबरचं नवं बसवा की. उद्या आणून देतो.”

“मिस्त्री, फायबरला फांदी लागली की काय होतं?”

“तुटतंय की.”

“आणि याला?”

“ह्ये वाकतंय आन् परत येतंय,” असं म्हणून हसले आणि स्वतःच ड्रिल हातात घेतलं.

मला फायबरचं वावडं नाही. शहरात फिरणाऱ्या गाडीला फायबरचे फ्लेअर छान दिसतात, रंगही झकास धरतात. पण करवंदाच्या जाळीतून आणि कारवीतून अंग घासत जाणाऱ्या गाडीला लवचीक कड हवी.

फ्लेअरमागून लाल मातीचा घट्ट थर निघाला, त्यात कुजलेली पानं. ही माती पावसाळाभर ओली राहते आणि पत्र्याला चिकटून बसते. मागच्या दोन्ही चाकांवर पत्र्याची कड गंजलेली, डाव्या बाजूला टोचा मारला तर आरपार गेला. जुनी जिप्सी विकत घेणाऱ्याने फ्लेअरचा एक तरी स्क्रू काढून मागे टॉर्च मारावा. तिथला पत्रा विक्रेत्यापेक्षा जास्त बोलतो.

२३ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस पत्र्याचा. वायर ब्रशने सुटा गंज काढला, आरपार गेलेला तुकडा कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करून घेतला. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक, ते लोखंडाशी संयोग करून फॉस्फेटचा थर देतं. वाळल्यावर झिंकचा प्रायमर, वर काळा रंग. डेंटरने लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरू का विचारलं, नको म्हटलं. ही जागा फ्लेअरखाली झाकली जाणार आहे, गुळगुळीत असण्याची गरज नाही, आणि लांबीखाली पाणी शिरलं तर वरून कळतही नाही.

३० नोव्हेंबर २०२४

प्लास्टिक कोणतं आहे हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मागच्या दोन्ही फ्लेअरच्या आतल्या बाजूला साच्यातच ‘पीपी’ अशी खूण आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढच्या दोघांवर काही वाचता येत नाही आणि त्यांचं दाणेदार पोतही जरा वेगळं आहे. बहुधा मधल्या कोणा मालकाने एक जोडी बदललेली.

आतल्या कडेची बारीक चकती कापून पाण्यात टाकली. मागचा तुकडा तरंगला, पुढचा बुडाला. इथे घाई करू नये. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, पण त्यात टाल्कची पूड मिसळलेली असेल तर तेही बुडतं. म्हणून जाळून पाहिलं, मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून. दोन्ही तुकडे थेंब पाडत शांतपणे जळले, विझवल्यावर मेणबत्तीचा वास आला. एबीएस (गाड्यांत वापरतात ते दुसरं, कडक प्लास्टिक) असतं तर काळी काजळी उडाली असती आणि वास उग्र, गोडसर आला असता. थोडक्यात चारही पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातले.

याचे दोन परिणाम. थिनरने पुसलं तरी हे प्लास्टिक विरघळत नाही. एबीएसवर ॲसिटोन लावलं तर पृष्ठभाग चिकट होऊन जातो, इथे ती भीती नाही. दुसरं म्हणजे यावर साधा रंग बसत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग कशालाच धरून ठेवायला राजी नसतो, त्यासाठी आधी प्लास्टिकचा खास प्रायमर मारावा लागतो. तोही नीट बसला तरी रंग शेवटी वरचा थरच. काट्याने ओरखडा काढला की तिथून पापुद्रा सुटायला सुरुवात. रंगाचा पर्याय इथेच बाद केला.

मग धुलाई. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. दाण्यांच्या खाचांत जुन्या वॅक्सचे पांढरे ठिपके होते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि दातांच्या ब्रशने काढले. शेवटी भांडी घासायची हिरवी घासणी, ओली, हलक्या हाताने. पाणी आधी दुधाळ यायचं, हळूहळू स्वच्छ यायला लागलं. मेलेलं कातडं निघतंय की नाही हे त्या पाण्यावरून कळतं. वॉटर पेपर मात्र फक्त पुढच्या कोपऱ्यावर वापरला, फांद्यांचे खोल ओरखडे होते तिथे, आधी ४०० नंबरचा मग त्याहून बारीक ८००. दाणेदार पोतावर पेपर चालवला तर दाणे सपाट होतात आणि ती जागा कायमची वेगळी चमकते.

७ डिसेंबर २०२४

मागचा डावा फ्लेअर सर्वांत खराब आणि स्क्रूच्या भोकापाशी तडकलेलाही, म्हणून त्याचीच प्रयोगशाळा केली. बाकीचे तीन थोड्या स्क्रूंवर तात्पुरते चढवले, पाऊस नसल्यामुळे गाडी चालू राहील. या एकावर मास्किंग टेपने पट्ट्या आखल्या आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय:

खोबरेल तेल. सिलिकॉनचं चकाकी देणारं पॉलिश, डॅशबोर्डवर मारतात ते. उकळलेलं अळशीचं तेल, तेवढंच टर्पेंटाइन घालून. नुसती हीट गन. काळं रंगद्रव्य आणि रेझिन असलेलं, वाळून कडक होणारं ट्रिम कोटिंग. हीट गन आणि त्यावर तेच कोटिंग. आणि एक पट्टी कोरी, तुलनेसाठी.

खोबरेल आईच्या आग्रहाखातर. “देवघरातली लाकडी समई-चौकी बघ, खोबरेलाने कशी राहिलीय,” हे तिचं म्हणणं. लाकूड तेल पितं, हे प्लास्टिक पीत नाही, एवढंच मी म्हटलं. पण पट्टी द्यायला काय हरकत होती?

अळशीच्या तेलाबद्दल एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ते होताना उष्णता बाहेर पडते. त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. सुतारांना हे माहीत असतं. चिंध्या उघड्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या.

फ्लेअर गच्चीवर, पश्चिमेकडे तोंड करून.

२१ डिसेंबर २०२४

पहिल्या आठवड्यात सगळ्याच पट्ट्या सुंदर दिसत होत्या, कोरी सोडून. फोटो काढून लोक ‘आधी आणि नंतर’ म्हणून टाकतात ते याच आठवड्यातले.

आज पहाटे गच्चीवर गेलो तर खोबरेलाची पट्टी कोरीपेक्षाही पांढरी. थंडीत तेल दाण्यांच्या खाचांत गोठलेलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि कोल्हापुरात डिसेंबरात पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. दहा वाजता ऊन आल्यावर पुन्हा काळी झाली, पण तोवर त्यावर धूळ बसून चिखलाची साय तयार झालेली. आईला दाखवलं. ती म्हणाली, “मग तिळाचं लाव.” तो प्रयोग इतिहासात राहू दे.

१ मार्च २०२५

तीन महिन्यांचं ऊन झालं, अधूनमधून पाण्याने धुणंही.

सिलिकॉनची पट्टी संपली. धुतलं की थोडं थोडं जात होतं, आता कोऱ्या पट्टीपासून ओळखू येत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे ते जिथे लागतं तिथे पुढे काही बसत नाही. रंगारी लोक सिलिकॉनला का घाबरतात ते माहीत होतं, रंगात माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं पडतात. इथेही त्या जागेवर कोटिंगचा थेंब टाकून पाहिला तर तो आक्रसून गोळा झाला. गॅरेजवाल्याने सर्व्हिसिंगनंतर प्रेमाने सगळ्या प्लास्टिकवर ते मारून दिलेलं असेल, तर कोटिंगआधी अल्कोहोलने पुन्हा पुन्हा पुसावं लागेल.

अळशीचं तेल अपेक्षेपेक्षा चांगलं टिकलंय. थर कडक झालाय, पाण्याने जात नाही. पण रंगात तपकिरी झाक आली आणि जिथे थर जाड होता तिथे सुरकुत्या. शेतावरच्या ट्रॉलीला, पिकअपच्या बंपरला मी हे खुशाल सुचवीन. स्वस्त आहे, दर वर्षी लावता येतं.

हीट गनची पट्टी अजून काळी, पण पहिल्या दिवसाइतकी नाही, आणि तिरप्या उजेडात राखाडी झाक परतताना दिसते. हेही समजण्यासारखं आहे. उष्णतेने वरचा थर किंचित वितळतो, भेगा मिटतात. पण उन्हापासून वाचवणारी जी द्रव्यं कारखान्यात मिसळलेली होती ती वरच्या थरातून खर्च झालेली असतात, ती उष्णतेने परत येत नाहीत. भेगा पुन्हा पडणारच, आणि प्रत्येक वेळी गन फिरवताना पृष्ठभाग थोडा गुळगुळीत, थोडा ठिसूळ होत जातो. एकदा करावं. दर वर्षी करणाऱ्यांचे फ्लेअर शेवटी काचेसारखे तडकतात.

नुसतं कोटिंग चांगलं आहे, पण त्याखाली जुन्या भेगांची जाळी जवळून कळते. हीट गन आणि वर कोटिंग, ही पट्टी आज सात पट्ट्यांत एकमेव अशी आहे की तिच्याकडे बघून हा भाग दुरुस्त केलाय असं वाटत नाही.

१२ एप्रिल २०२५

तडा आधी. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे तो पुढे पळत नाही. दोन्ही बाजूंनी कोरून खाच केली, आतल्या बाजूने स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबली आणि खाच पॉलिप्रॉपिलीननेच भरली. भरायला काय वापरायचं यावर शेडमध्ये चर्चा झाली. मिस्त्री म्हणाले, जुन्या गाडीच्या बॅटरीचं कवच घ्या. त्यांचं बरोबर, ती कवचंही पॉलिप्रॉपिलीनचीच असतात आणि काळी मिळतात, पण त्यातलं आम्ल आणि शिसं घरी हाताळायची माझी तयारी नाही. घरातल्या फुटक्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ चा आकडा होता, म्हणजे तेच प्लास्टिक, त्याच्या पट्ट्या कापल्या. २ आकड्याचा डबा घेऊ नये, ते पॉलिथिलीन. वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्या दणक्याला सुटतं. रेझिनच्या गोंदाचं नावही काढू नये.

१९ एप्रिल २०२५

मुख्य काम. कोटिंगला कोरडी हवा हवी, वळीव सुरू झाला की संधी गेली, म्हणून आज आणि उद्या हेच.

प्रयोगाच्या फ्लेअरवरचं सगळं थिनरने आणि घासणीने काढून तोही बाकीच्यांच्या पातळीला आणला. सिलिकॉनच्या पट्टीने सर्वांत जास्त वेळ खाल्ला.

हीट गनच्या हवेचं तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवलं. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं, म्हणजे एका जागी थांबलात तर खेळ संपला. वीतभर अंतरावरून सुरुवात करून हळूहळू जवळ, हात सतत फिरता. राखाडी रंग काळा होत पुढे सरकताना दिसतो, त्या रेषेच्या मागे मागे जायचं, पुढे नाही. काळा झालेला भाग लगेच सोडायचा. चमक यायला लागली तर जास्त झालं. कडा आणि स्क्रूची भोकं पातळ असतात, तिथे अर्ध्या वेळात काम होतं. दरवाजे उघडे, आणि फ्लेअर उताणा न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर त्याच्या मूळ वाकात बसवलेला, नाहीतर गरम असताना तो पसरतो आणि मग भोकं जुळत नाहीत.

पूर्ण थंड झाल्यावर अल्कोहोलने पुसून कोटिंग. स्पंजवर थोडेच थेंब, दाण्यांमध्ये गोल गोल चोळून, मग एकाच दिशेने ओढून घ्यायचं. काही मिनिटांनी मायक्रोफायबरने जादाचं टिपून घेतलं. जाड लावलं तर ओघळ तसेच वाळतात आणि मग ते फ्लेअर फार ‘केलेले’ दिसतात. मागच्या डाव्या माथ्यावर, जिथे ओलं असतानाही करडे डाग राहत होते, तिथे दुसरा हात दिला. डब्याच्या पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेली खाचही त्यातच झाकली गेली.

हातमोजे घालावेत. हे काळं नखांतून आठवडाभर जात नाही.

३ मे २०२५

फ्लेअर चढवले. नवे स्टेनलेसचे स्क्रू, प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर, म्हणजे स्टेनलेस थेट पत्र्याला टेकत नाही. पत्रा आणि फ्लेअर यांच्यामध्ये रबरी बीडिंग. डेंटर म्हणत होता सगळीकडून सिलिकॉन सीलंट भरून टाकू. तसं केलं तर वरून झिरपलेलं पाणी आत कोंडतं. वरच्या बाजूला बीडिंग घट्ट, खालची दोन्ही टोकं मोकळी, पाणी आणि माती खाली पडू दे.

रंग अगदी कारखान्यातून आल्यासारखा नाही. किंचित मऊ, बिनचमकीचा काळा. मला हाच हवा होता. वीस वर्षांहून जुन्या गाडीवर चकचकीत काळे फ्लेअर विगसारखे दिसतात.

१९ जुलै २०२५

यंदा मान्सूनने कोणाला दम धरू दिला नाही, २६ मेलाच मुंबईत पोचला. त्यामुळे कोटिंगला ऊन कमी आणि पाणी भरपूर मिळालं. गगनबावड्याच्या बाजूला चिखलातून, जाळ्यांतून बरंच फिरणं झालं.

आज प्रेशरने धुवून पाहिलं. पाण्याचे थेंब वरच्या बाजूला अजून गोल उभे राहतात, चाकाकडच्या कडेला नाही, तिथे टायरने उडवलेल्या खड्यांनी कोटिंग झिजलंय. पुढच्या उजव्या कोपऱ्यावर काट्यांचे ओरखडे आहेत, पण पापुद्रा कुठेही सुटलेला नाही, ओरखड्याच्या तळाशीही काळंच दिसतं. वेल्ड केलेली जागा शाबूत. मागे टॉर्च मारला, माती साचलेली नाही, खालच्या मोकळ्या टोकांतून पडून जाते आहे. फक्त डाव्या मागच्या टोकात एक पान अडकलं होतं, ते तारेने ओढलं.

झिजलेल्या कडेला ऑक्टोबरात एक हात द्यायचा, तेव्हा हवा कोरडी असेल. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून ठेवली होती, तरी गळ्याशी गोठायला लागली आहे. ती तोवर टिकेलसं वाटत नाही, त्यामुळे त्या आधी बाजूचे आरसे आणि वायपरखालची जाळी उरकून घेतो. त्यांनाही पाणी मारून पाहिलं, दोन्ही ओली असताना काळी दिसतात.